रामटेके बाईंचे फाटक

रामटेके बाई आपल्या कचेरीत पालकांना खुर्ची देत नसत. टेबलासमोर एकच खुर्ची असे. प्रवेशासाठी आलेल्या मुलीने तिच्यावर बसायचे आणि बापाने मागे उभे राहायचे, असा तिथला रिवाज होता. वडिलांच्या देखत कधी खुर्चीवर न बसलेल्या खेड्यापाड्यांतल्या मुली त्या खुर्चीच्या काठावर अशा टेकत, की जणू ती नुकतीच उन्हातून आत आणली आहे. माझी प्रज्ञाही तशीच टेकली. मी सवयीने भिंतीजवळच्या बाकाकडे वळलो, तेव्हा बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"भाऊ, तो बाक फायलीचा हाय. इथी पोरगी बसते अन् बाप उभा रायते. तुमच्या घरी उलटं असन."

मग त्यांनी प्रज्ञाला विचारले, "तुले इथी राहाचं हाय का?" हा प्रश्न त्या प्रत्येक मुलीला विचारत आणि उत्तर येईपर्यंत थांबत. एका मुलीने तासभर तोंड उघडले नाही, तेव्हा बाईंनी समोर बसून अख्खा हजेरीपट तपासून संपवला होता, असे शिपाई मला बाहेर सांगत होता. प्रज्ञा बोलेना. सकाळी आष्टीहून पुढे निघालेल्या बसमध्ये ती मला एकदाच म्हणाली होती, "बाबा, मले नाई जायचं," आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिलो होतो. आता कचेरीतली ती शांतता मला सोसवेना. औषधांच्या खिडकीतून रुग्णाला "रांगेत या" असेही ज्याला मोठ्याने सांगता येत नाही, असा मी माणूस. पण त्या दिवशी बोललो. "तिची इच्छा आहे, बाई. तिनेच हट्ट धरला."

"मी तुमाले नाई इचारलं," बाई म्हणाल्या.

प्रज्ञाने मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती "हो" म्हणाली. बाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी पेन उचलले.

मुलचेरा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी औषधनिर्माता आहे. आमच्या गावच्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा तीन वर्षे रिकामी होती. प्रज्ञा सातवीतली उदाहरणे स्वतःच सोडवून मला दाखवी आणि ती तपासणे मला जमत नसे. तिच्या वर्गातल्या दोघींनी शाळा सोडली होती. त्यांतल्या एकीच्या घरी सोयरिकीची बोलणीही सुरू झाली होती. तेव्हा भद्रावतीच्या अलीकडे, कोळसा खाणीच्या रस्त्यावर, केवळ मुलींसाठी असलेल्या या निवासी शाळेचे नाव मी ऐकले. तिथे मुली मोबाइलला हात लावत नाहीत, पहाटे पाचला थंड पाण्याने आंघोळ करतात आणि दहावीला एकही नापास होत नाही, असे लोक सांगत. माझी पत्नी निर्मला म्हणाली, "अजी, शाळा पायजे का जेल पायजे तुमाले?" औषध जितके कडू तितके गुणकारी, हे आमच्या धंद्यात खरे नसते, हे मला ठाऊक होते. तरीही मी ते मानून चाललो.

बाई वारल्याचे मला या उन्हाळ्यात कळले. तेव्हापासून त्यांच्याविषयी लिहून ठेवावे असे वाटत होते. त्या सिंदेवाहीकडच्या धानपट्ट्यातल्या. आई दुसऱ्यांच्या बांधीत रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करी आणि त्या मजुरीवर तिने लेकीला बी.एड.पर्यंत शिकवले. पुढे बाईंनी लग्न केले नाही. उंचीने बेताच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, चालताना कमरेचा किल्ल्यांचा जुडगा डाव्या हाताने दाबून धरणाऱ्या. त्यामुळे त्या येत असल्याचा आवाज कधी होत नसे, आणि मुलींना भीती होती ती त्याचीच. वर्गात त्या शुद्ध प्रमाणभाषा बोलत आणि पायरी उतरताच झाडीबोली. कुणी त्याविषयी विचारले तर म्हणत, "वर्गात पुस्तकाची, आंगनात मायची. दोनी धुतलेल्या पायजेत." खाणीकडून येणारी काळी धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे. गणवेश रोज धुवावा लागतो अशी एका आईने तक्रार केली, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "कोळसा कोनाच्याबी आंगावर पडते. तो तसाच ठेवाचा का नाई, येवढंच आपल्या हातात रायते."

त्यांचे सारे नियम एकीकडे आणि फाटकाचा नियम एकीकडे. तो त्या प्रत्येक बापाकडून प्रवेशाच्या दिवशी मोठ्याने वाचून घेत. मीही वाचला: 'जी विद्यार्थिनी परवानगीवाचून फाटकाबाहेर जाईल, तिला फाटक पुन्हा उघडणार नाही.' वाचताना मला वाटले, हे दुसऱ्यांच्या मुलींसाठी आहे.

भेटीचा दिवस महिन्यातला पहिला रविवार. जुलैच्या भेटीला निर्मलेने लाखोळीच्या डाळीचे वडे नेले. बाईंनी डबा उघडून पाहिला आणि झाकण लावले.

"एकशेवीस पोरी हायेत, ताई. सगळ्यायले पुरन का?"

"माही तं एकच हाय," निर्मला म्हणाली.

"इथी एकटी कोनाचीच नसते."

डबा आमच्यासोबत परत आला. प्रज्ञा वाळली होती. ती पाठ ताठ ठेवून बसली होती आणि माझ्याशी पुस्तकातल्यासारखे बोलत होती. "सर्व ठीक आहे, बाबा. काही नको." निघायची वेळ झाली तेव्हा बाकाखाली तिने आईच्या पदराचे टोक दोन बोटांत धरले होते. ते मला दिसले. मी घड्याळ पाहिले आणि बस चुकेल असे म्हणालो.

ऑगस्टमधल्या एका सकाळी मी औषधांच्या खिडकीवर असताना फोन आला. "भाऊ, मी रामटेके बोलून राह्यली. पोरगी माह्याजवळ हाय, धडधाकट हाय, पयले हे आयका. आता बाकीचं आयका." भाजीचा टेम्पो आत येताना प्रज्ञा फाटकातून निसटली होती. खाणीतल्या पाळीच्या कामगारांना नेणाऱ्या एका बसने ती चंद्रपूरला पोहोचली. बाईंनी पोलिसांना कळवले खरे, पण वाट न पाहता स्वतः चंद्रपूरचे बसस्थानक गाठले आणि सरळ अहेरीच्या गाड्या लागतात तिथे गेल्या. प्रज्ञा दप्तर पोटाशी धरून उभी होती. "पळालेलं लेकरू लपत नाई, भाऊ. घराच्या गाडीपाशी उभं रायते."

"बाई, तिला शाळेत न्या. मी संध्याकाळपर्यंत येतो," मी म्हणालो.

"शाळेत नाई. मी तिले घरी आनून राह्यली." फोन बंद झाला.

दुपारी तीनच्या सुमारास दोघी आमच्या दारात आल्या. अंगावरची वस्त्रे भिजलेली, बाईंच्या एका हातात प्रज्ञाची पत्र्याची पेटी. निघण्यापूर्वीच त्यांनी ती वसतिगृहातून उचलली होती. म्हणजे निर्णय तेव्हाच झालेला होता. निर्मलेने लेकीला आत नेले. मी बाईंना बसा म्हणालो. त्या बसल्या नाहीत.

"भाऊ, पयले माही चूक सांगतो. ती त्या दिवशी 'हो' म्हनली ते तुमच्यासाठी. मले समजलं होतं. तरी मी नाव लिवलं. काऊन? तर तिचे गनिताचे मार्क पाहून मले लालूच सुटली. दरसाली एखादी तं अशी पोरगी पायजे, असं वाटते. मी इचारतो येका कामासाठी अन् लिवतो दुसऱ्याच कामासाठी."

मी हात जोडले. कुणापुढे हात जोडण्याची मला सवय नाही. ते शूरपणामुळे नव्हे, बोलण्याच्या संकोचामुळे. मी म्हणालो की चूक माझी आहे, मुलगी लहान आहे, या एका वेळी नियम बाजूला ठेवा. बाईंनी मला पूर्ण बोलू दिले.

"येकदा ठेवला होता बाजूले," त्या म्हणाल्या. "नववीतली पोरगी पळाली, बापानं पाय धरले, मी परत घेतली. पंधरा दिवसात सहावीतलं येक लेकरू तिच्याच वाटेनं गेलं. त्याले वाटलं, जाता येते अन् येताबी येते. दुसऱ्या दिवशी झुडपी जंगलात सापडलं. वाघाचे पंजे होते तिथी, भाऊ. लेकरू जित्तं होतं, पन चार महिने बोललं नाई. ते फाटक मी तुमच्या पोरीसाठी बंद नाई करत. त्या बाकीच्या एकशेएकोनीस माह्या तोंडाकडं पाहून राह्यल्या हायेत."

त्या परतीच्या बससाठी निघाल्या, तोवर निरोप आला की नाल्यावरचा ठेंगणा पूल पाण्याखाली गेला. अशा प्रकारे ज्या बाईंनी माझ्या मुलीला शाळेत ठेवायचे नाकारले होते, त्या दोन दिवस माझ्याच घरात अडकल्या.

मी मनात आशा धरली, हे कबूल करतो. बाई सर्वांआधी उठत, थंड पाण्याने आंघोळ करत, आपले ताट आपण घासत. निर्मला त्यांना पाठीमागे जेलर म्हणत असे; तिनेच पहिल्या दिवशी मुद्दाम लाखोळीचे वडे तळले आणि ताट पुढे ठेवून विचारले, "आता एकशेवीस कुठी गेल्या, बाई?"

"त्या पाहून नाई राह्यल्या म्हनून तं खाऊन राह्यली," बाई म्हणाल्या. "सांगू नोका कोनाले." आणि त्यांनी सहा वडे खाल्ले. प्रज्ञा दाराआड होती. ती हसली. कित्येक आठवड्यांनी मी ते हसू ऐकले.

दुसऱ्या दिवशी पाऊस पडतच होता. प्रज्ञा वही घेऊन बसली होती. बाईंनी वहीत डोकावून पाहिले आणि एका उदाहरणावर बोट ठेवले. "हे कसं आलं?"

"तुम्हाला येत नाही, बाई?"

"नाई. मी भूगोलाची हावो. गनितात मी तुह्या बापासारखी."

प्रज्ञाने एकदा माझ्याकडे, एकदा बाईंकडे पाहिले. मग तिने ते उदाहरण पहिल्या पायरीपासून समजावून सांगायला सुरुवात केली. बाई मधे मधे थांबवत, "हे नाई समजलं, पुन्हा सांग," असे न लाजता म्हणत. एकदा त्यांनी चुकीचे उत्तर काढले, तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "बाई, घाई करता तुम्ही," आणि दुसऱ्याच क्षणी जीभ चावली. बाईंनी निमूटपणे खोडले आणि पुन्हा मांडले. जेवायची वेळ टळून गेली तरी दोघी उठल्या नाहीत. निर्मला दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. ती मला हळूच म्हणाली, "अजी, हेच तिथी झालं असतं तं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी ओसरले आणि बस सुरू झाल्याचे कळले. बाई निघायला उठल्या, तर प्रज्ञा गणवेश घालून, काळ्या फितीच्या दोन वेण्या घालून उभी. पेटीला तिने स्वतःच दोरी बांधली होती.

"बाई, मी येते."

"कोनं सांगतलं?"

"कोनी नाई सांगतलं." तिने माझ्याकडे पाहिले नाही. "मलेच याचं हाय."

बाईंच्या चेहऱ्यावर मला जे दिसले, त्याला काय म्हणावे हे अजून समजलेले नाही. एवढी वर्षे मुलींना तो प्रश्न विचारणाऱ्या बाईंना असे उत्तर क्वचितच मिळाले असेल. त्यांनी प्रज्ञाच्या एका वेणीची सैल झालेली फीत सोडली आणि नीट घट्ट बांधली.

"आता तुहं 'हो' खरं हाय, बेटा," त्या म्हणाल्या. "पन आता माहं 'हो' माह्या हातात नाई."

प्रज्ञा पेटीजवळून हलली नाही. बाईंनी तिला थांबही म्हटले नाही आणि चलही म्हटले नाही. त्या चपला घालून चालू लागल्या. मी पेटी उचलली. निर्मला माझ्याकडे पाहत होती; मी तिच्याकडे पाहिले नाही. थांब्यापर्यंत आम्ही तिघे गेलो, बाई पुढे, मधे प्रज्ञा, मागे मी. मला वाटत होते, नाही म्हणायचे असते तर त्यांनी घरीच म्हटले असते. अजून म्हटलेले नाही, म्हणजे वाटेत काहीतरी बदलत आहे.

बस आली. बाई चढल्या आणि पुढच्या बाकावर खिडकीशी बसल्या. शेजारची जागा रिकामी होती. मी पेटी पायरीवर ठेवली. प्रज्ञाने दांडा धरला आणि एक पाय वर ठेवला.

वाहक मशीन काढून म्हणाला, "बाई, महिलांची अर्धी तिकिटं किती काढू? दोन?"

बाईंनी पायरीकडे पाहिले. त्या प्रज्ञाकडे पाहत होत्या की तिच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे, हे मला सांगता येणार नाही. वाहकाने पुन्हा विचारले. मागून कुणीतरी ओरडले, "चला ना बाप्पा!"

"एक," रामटेके बाई म्हणाल्या.

मी हात पुढे केला आणि पेटी पायरीवरून खाली घेतली.