दोन जोड, तात्यांचा नंबर

“झाडू घे. पार्टी आली,” मालक म्हणाले.

मी वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला. डोळ्यांपुढची काच काढली. हातमोजे पोत्यामागं टाकले. कोपऱ्यातला झाडू घेऊन शेडच्या दारातली माती लोटायला लागले. झाडलेलीच माती. बाहेर गाडीचा आवाज आला की मी वेल्डरची झाडूवाली व्हायची. ठरलेलंच होतं ते.

“हां. आता कसं हातात शोभतंय,” मालक म्हणाले. पोरं हसली. कऱ्हाटीच्या कुठल्या वस्तीतली मी, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

लोणी देवकरच्या माळावरची पत्र्याची शेड. पाइप कापायचे, जोडायचे, कारखान्यांना द्यायचे. नव्वद सालानंतरची वर्षं. बारामतीच्या आयटीआयतून वेल्डिंग शिकलेली मी आमच्या वस्तीतली पहिली पोरगी. बाईला कुणी होल्डर हातात देईना. या मालकानं दिला, कारण निवृत्तीतात्यांचे डोळे अधू झाले होते.

तात्या काटेवाडीचे. शेडमध्ये परीक्षा पास झालेले वेल्डर ते एकटेच. परीक्षा पास झालेल्याला एक नंबर मिळतो. आपण लावलेल्या जोडाशेजारी तो लोखंडात ठोकायचा. उद्या जोड फुटला तर कुणाचा ते कळतं. तात्यांना आता जोडाची कड दिसत नव्हती. जोड मी लावायची आणि शेजारी नंबर तात्यांचा. त्यांची नोकरी टिकत होती, मला काम मिळत होतं, मालकाचं तर सगळंच भागत होतं.

पाइप मला तात्यांनीच शिकवला. आयटीआयत सपाट पट्ट्या जोडलेल्या. पाइपाभोवती हात फिरवावा लागतो, खालून, वरून, आडवं पडून. “हात थांबला की भोक पडतं, पोरी,” म्हणायचे. जेवताना डबा माझ्यापुढं सरकवायचे. पहिल्यांदा मी घेतला नाही. “खा की. विटाळबिटाळ न्हाय माझ्याकडं,” म्हणाले. एवढं बोलावं लागलं म्हणून तेच खाली बघत राहिले.

दूधभुकटीच्या कारखान्याला वाफेची लाइन द्यायची होती. एक पाइप आखूड कापला गेला. मालक म्हणाले, “नवा कशाला? मधी तुकडा मारा.”

तुकडा चार बोटं रुंद. त्याच्या दोन्ही कडांना जोड. म्हणजे दोन जोड अगदी खेटून. तसं चालत नाही. पाइपाच्या व्यासाएवढी तरी जागा मध्ये लागते. जोड जवळ आले की मधलं लोखंड दोनदा तापतं, कडक होतं, आणि वाफेच्या दाबानं चिरायचं भ्या तिथंच. शेजारी माणूस असला तर शिजून निघेल.

“मालक, लई जवळ हुतंय. लांब तुकडा घालू,” तात्या म्हणाले.

“तुमी तुमचं डोळं सांभाळा,” मालक म्हणाले.

तात्या गप्प झाले. मी काच खाली ओढली. दोन्ही जोड लावले.

मला झाडू घ्यायला लावला त्या दिवशी आलेली पार्टी म्हणजे त्याच कारखान्याचे तपासनीस साहेब. पाइपांवरून हात फिरवत चालले होते. त्या तुकड्यापाशी थांबले.

“हे दोन जोड इतके जवळ कसे?”

मालक क्षणभरही अडखळले नाहीत. “तात्या! अहो, काय केलंत हे? विचारायचं तरी!” मग साहेबांकडं वळून हसत म्हणाले, “वय झालंय साहेब त्यांचं. त्यांच्यापेक्षा आमच्या या झाडूवालीनं बरं केलं असतं.”

शेड हसली. साहेबही हसले. तात्या एकटे हसले नाहीत. फरशीकडं बघत उभे राहिले.

माझ्या आज्यानं धम्माची दीक्षा घेतली त्याच साली गावकी टाकली. झाडलोट, मेलेली ढोरं, सांगावे, सगळं. गावानं वाट अडवली, पाणी तोडलं, तरी परत धरली नाही. आणि त्याची नात सर्टिफिकेट घेऊन, हातात कला असून, परक्याच्या दारात खोटी माती लोटत होती. हसणं ऐकलं. झाडू टाकला.

“जोड मी लावलेत. दोन्ही,” मी म्हणाले. “तात्या नगं म्हणत हुते. तुकडा मालकांनी घालाय लावला.”

हसणं थांबलं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग वाकून पाइपावर बोट ठेवलं.

“मग हा नंबर कुणाचा?”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझा अपमान मला दिसला. मालकाचं खोटं दिसलं. त्या दोहोंच्या मध्ये उभा असलेला माणूस दिसला नाही.

“माझा हाय,” तात्या म्हणाले. “जोड तिचं हायती. समदंच.”

त्या नंबराचा प्रत्येक पाइप परत आला. तात्यांचा नंबर रद्द झाला. मालकानं तर आम्हा दोघांनाही साहेब आले त्याच संध्याकाळी हाकललं होतं. दुसरा वेल्डर आणला आणि शेड चालूच राहिली.

घरी आई म्हणाली, “बरं केलंस.” वस्तीत सगळे म्हणाले, बरं केलंस. विहारात एका काकांनी पाठ थोपटली. मला ते सहन होईना. बोलले मी, आणि घाव झेलला ज्यानं मला पाइप शिकवला त्यानं.

काटेवाडीला गेले. तात्या मेथीच्या वाफ्यात बसले होते. मेथी कुठली आणि तण कुठलं, हातानं चाचपून उपटत होते. मी बांधावरच उभी राहिले.

“तात्या, माझ्यामुळं झालं.”

“व्हय,” ते म्हणाले. “तुझ्यामुळंच झालं.”

वाटलं होतं, जाऊ दे पोरी म्हणतील. म्हणाले नाहीत.

“मग गप बसाया पायजे हुतं का मी?”

हात थांबले.

“ते मला इचारू नगं,” ते म्हणाले. “मी गप बसलेला माणूस हाय.”

चहा विचारला नाही. मीही थांबले नाही. फाट्यावर येष्टीची वाट बघत उभी राहिले, तेव्हा रडू आलं. मग रडण्याचाच राग आला. तात्यांची भाकरी गेली, हे खरं. ती माझ्या बोलण्यानं गेली, हेही खरं. माफी मागून ते फिटणार नव्हतं. आणि ज्या मालकानं आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलं, त्याला त्या रात्री नीट झोप लागली असणार.

अपराधी आम्हीच वाटून घ्यायचं, ही मालकासारख्यांची सोयच आहे. ते वाटणं माझ्यातून गेलेलं नाही. जावं असंही मी म्हणत नाही. ते ठेवून बोलणार. आणि कुणी माझ्यावर हसेल याची वाट न बघता बोलणार. शेजारचा माणूस “नगं” म्हणतो आणि त्याला गप्प केलं जातं, तिथंच, त्याच घटकेला बोलणार. तुकडा हातात असताना. काच खाली ओढायच्या आधी.