चुकीच्या सुरासकट

जळोचीतले ते कॉम्प्युटरवाले मला अजून आठवतात. एका बोटानं टाइप करायचे आणि प्रत्येक अक्षराला हुंकार द्यायचे. फ्लॉपीवर फुकट मिळालेला त्यांचा एक प्रोग्रॅम होता. त्यात सुरांसाठी साधी इंग्रजी अक्षरं लिहिली, की छापून येताना पाच रेघांवर सूर बसलेले असत.

माझे चुलते, तात्या, शेळगावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. दुसऱ्या दिवशी त्यांचे पुढचे दात काढायचे होते, म्हणजे वाजवणं संपलंच. म्हणून त्यांची वरातीची धून लिहून घ्यायला आम्ही जळोचीला गेलो. तात्या तुकड्या-तुकड्यानं वाजवत होते, कॉम्प्युटरवाले टाइप करत होते. तीन वर्षं पेटी शिकून मी फक्त शेजारी पळवून लावले होते, तरी बोललोच, "इथला सूर चुकलाय. सुधारा."

तात्या ओशाळले.

"तात्या, दर वरातीत असंच वाजवता?" कॉम्प्युटरवाल्यांनी विचारलं.

"व्हय. चाळीस वर्षं चुकतोय."

"मग ऱ्हाऊ द्या. ह्यांचं ऐकून सुधारलं, तर उद्यापासनं ह्या कागदात तात्या कुठं सापडायचे?"

तात्यांनी क्लॅरिनेट पुन्हा ओठांना लावलं आणि काढलं. "सायेब, मग हळदीची धून बी घ्या. तितं तर लई चुकतो."