लॅमिनेट केलेला टॅग आणि दोन दहाची गाडी

पुणे–सोलापूर हा काही हौसेने जायचा रस्ता नव्हे. ना घाट, ना धबधबा, ना गाडी थांबवून फोटो काढावा असं वळण. तरीही आम्ही निघालो, कारण बुधवारी संध्याकाळी माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, सोलापूरहून सोपानकाकांचा फोन आला. घर विकलं, शनिवारी दुपारी दोन दहाच्या गाडीने मुलीकडे हैदराबादला कायमचा चाललो, असं ते म्हणाले. अप्पा एक्याऐंशीचे, काका दोन वर्षांनी मोठे. 'पुन्हा भेटू' असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. फोन ठेवून अप्पांनी मला विचारलं, "शनवारी तुला सुट्टी हाय ना?"

हे दोघं याच रस्त्यावरचे कामगार. रस्ता दुपदरी होता तेव्हा खड्डे बुजवणं, बाजूच्या चाऱ्या काढणं, झाडांना चुना लावणं हे त्यांचं काम. दोघंही रोजंदारीवर. पुढे कायम करायची वेळ आली तेव्हा हजेरीचा पुरावा मागितला गेला. अप्पांचं हजेरी कार्ड एका पावसाळ्यात भिजून लगदा झालेलं. तेव्हा सोपानकाका स्वतःचा रोज बुडवून साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हा माणूस सात वर्षं माझ्या शेजारी खडी टाकतोय, माझं कार्ड खरं असेल तर ह्याची हजेरीही खरी." अप्पा कायम झाले. आज माझ्याकडे जे काही आहे, आयटीतली नोकरी, वाघोलीतला फ्लॅट आणि ही गाडी, त्याची सुरुवात त्या एका वाक्यापासून होते. आणि त्याबद्दल अप्पांनी काकांना कधी एक शब्द म्हटलेला नाही. "समोर बसून सांगायचं राहिलंय," एवढंच ते गुरुवारी बोलले.

त्या भिजलेल्या कार्डापासून अप्पा हाती येईल तो कागद लॅमिनेट करतात. रेशनकार्ड, माझ्या मार्कशीटा, गॅसचं पुस्तक, एकदा तर लग्नपत्रिकासुद्धा. आमच्या कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला त्यांना पाहिलं की मशीन तापत ठेवतो.

साडेसहाला निघायचं ठरलं आणि निघालो साडेसातला, कारण मला डब्यात धपाटे हवे होते. वाघोलीहून पुणे शहरात शिरू नका, केसनंद–थेऊर करून लोणी काळभोरला सोलापूर रस्त्याला लागा, हा फुकटचा सल्ला. वेळ वाचतो, मात्र मणक्यांचं मी सांगू शकत नाही. डिसेंबर असल्याने उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत मधल्या लेनमधून निवांत चाललेले. यवतच्या पुढे मिसळ खाल्ली, एकशेवीस रुपये, तर्री उत्तम, पाव कालचा. अप्पा सारखे घड्याळ बघत होते. वाऱ्याने घूं घूं होतं म्हणून प्रवासात ते कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतात, त्यामुळे गप्पा बेताच्याच.

पहिला टोलनाका आला. आमच्या पुढे वीसेक गाड्या, आणि वर पाटी: 'न थांबता पुढे जा'. शेजारच्या लेनमधल्या एका आजोबांनी, बहुधा पेठेतल्या, काच खाली करून मला विचारलं, "अहो, थांबायला लागू नये म्हणून हा टॅग घेतला ना आपण? मग इथे काय सत्यनारायण आहे?" मी हसले. पाच मिनिटांनी माझं हसू गेलं, कारण आमच्यासमोरचा दांडा उठेना.

"मॅडम, फास्टॅग कुठाय?" बूथमधल्या बाईंनी विचारलं. मी काचेकडे पाहिलं. काच स्वच्छ. अप्पांनी मागच्या सीटवरची कागदांची पिशवी उघडली, आरसी बुकाच्या मागून टॅग काढला आणि अभिमानाने पुढे केला. लॅमिनेट केलेला. काच बदलली तेव्हा गॅरेजवाल्याने नवा टॅग हातात दिला होता, तो चिकटवायचं मी अप्पांवर सोडलं होतं. उन्हाने अक्षरं उडतील म्हणून त्यांनी तो जपून ठेवला.

बाईंनी तो हातात घेऊन मशीनसमोर धरला, उलटा धरला, झटकला. काही नाही. मागून हॉर्न. "दुप्पट भरा रोख आणि लेन सोडा," त्या म्हणाल्या. त्यांनाही दिवसातून शंभरदा हेच म्हणावं लागत असणार.

मी पैसे भरले आणि पुढे जाऊन जी अप्पांवर घसरले, ती दौंडचा फाटा जाईपर्यंत. हे काय रेशनकार्ड आहे का, प्रत्येक गोष्ट प्लॅस्टिकमध्ये घालायची कसली सवय, मशीनला कळतं का तुमचं लॅमिनेशन, एक काम सांगितलं होतं. सगळं बोलले. बोलताना मला ते हजेरी कार्ड आठवत होतं, तरी बोलले. अप्पांचं यंत्र खिशात होतं, पण मी इतकी ओरडत होते की यंत्राची गरज नव्हती.

फाटा मागे पडल्यावर ते एवढंच म्हणाले, "रस्त्याला पैका लागतोच. खडी काय आभाळातनं पडत न्हाई."

"अप्पा, पैसे द्यायला कोण नाही म्हणतंय? गाडी घेताना रस्त्याचा कर दिला. पेट्रोल भरताना देतोय. टोल देतोय. आणि एवढं देऊन रांगेत उभं राहायचं, वर दंड."

"आमच्या टायमाला पैका कुठनं यायचा ते ठाव नव्हतं. पर रस्ता कुणाला थांबवत नव्हता," असं म्हणून त्यांनी खिशातून यंत्र काढलं आणि कानात घातलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

भिगवणला चिलापी मासे खायचा बेत होता, तो सोडून दिला. पुढे एका पुलाचं काम चालू, सगळी वाहतूक खालच्या रस्त्यावर वळवलेली आणि त्या रस्त्यावर गुडघाभर खड्डे. अप्पा प्रत्येक खड्डा बघून मान हलवत होते. "वरनं नुसतं डांबर ओतलंय. झाडून घ्याया नगं का आधी?"

दुसऱ्या नाक्यावर पोचलो तेव्हा सव्वाअकरा. लग्नसराईची गर्दी, त्यात एक लेन बंद आणि दुसरीत एका ट्रकचा टॅग लागेना. अर्धा तास गेला. आमचा नंबर आल्यावर पुन्हा तेच. या वेळी मला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. पन्नाशीतले एक कर्मचारी हातातलं छोटं मशीन घेऊन आले. मी खाली उतरून टॅग त्यांच्यापुढे धरला आणि आधीच सांगून टाकलं, "वडिलांनी लॅमिनेट केलाय, म्हणून वाचत नाही."

त्यांनी मशीन टेकवलं. मशीन लगेच वाजलं. "वाचतोय की. लॅमिनेशनचा काही प्रॉब्लेम नाही ताई. टॅग ब्लॅकलिस्ट आहे. केवायसी केलेलं नाही. मेसेज आले असतील बघा तुम्हाला."

मी फोन उघडला. आले होते. एक नाही, चार. माझं आयुष्य सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात जातं, आणि हे चारही मेसेज मी फसवणुकीचे समजून न वाचता बाजूला सारले होते. दर आठवड्याला कुणी ना कुणी केवायसी मागतं, खरं कुठलं आणि खोटं कुठलं याचा कंटाळा आला होता मला. पण कंटाळा आला हे काही उत्तर नाही. तिथेच उभं राहून मी ते भरायचा प्रयत्न केला. ओटीपी येईना, आला तर पान बंद पडे. बाजूला आणखी तीन गाड्यांचे लोक हेच करत होते. एकजण फोनला हात जोडून उभा होता. शेवटी मी पुन्हा दुप्पट भरले.

गाडीत बसले. अप्पांच्या बाजूची काच अर्धी खाली होती. "काय म्हनला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. त्यांचंच मशीन खराब आहे," मी म्हणाले आणि गाडी सुरू केली. तासाभरापूर्वी ज्या माणसाला फाडून खाल्लं, त्याला 'चूक माझी होती' एवढं सांगायला माझी जीभ रेटली नाही. नंतरच्या नाक्यांवर मी तोंड न उघडता दुप्पट भरत गेले.

सोलापूर स्टेशनात शिरलो तेव्हा दोन वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. गाडी वेळेवर सुटली होती. आपल्याकडे गाड्या कधी वेळेवर सुटत नाहीत, पण ती सुटली. अप्पा रिकाम्या प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसले, धपाट्यांचा डबा मांडीवर. त्यात सोपानकाकांसाठी वेगळे बांधलेले होते.

मी काकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दोघंही कानाने अधू, त्यामुळे सगळ्या स्टेशनने ऐकलं.

"जयभीम, सोपान!"

"जयभीम! आरं कुठं हायस? डब्याच्या दारात हुबा व्हतो गाडी हालेपतोर!"

"टेसनावर हाय. नाक्यावर अडकलो."

"कंच्या नाक्यावर?"

"टोलच्या."

पलीकडून काका खोकल्यासारखे हसले. "आपुन घातलेल्या रस्त्यावर तुला आडवला व्हय रं?"

अप्पाही हसले. मग तब्येत, नातवंडांची नावं, हैदराबादची हवा, धपाटे. दोनदा आवाज तुटला. तिसऱ्यांदा तुटला तो परत जोडला गेला नाही. जे समोर बसून सांगायचं होतं ते अप्पा बोललेच नाहीत. असल्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत.

आम्ही मुक्काम केला. स्टेशनजवळ स्वच्छ लॉज हजारात मिळतो, आणि कडक भाकरी, शेंगांची भाजी, शेंगदाण्याची चटणी यांसाठी सोलापूरला जावंच. मला चव लागली नाही हा सोलापूरचा दोष नव्हे. रविवारी परतताना इंदापूरच्या अलीकडे अप्पांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. नवा रस्ता सरळ गेल्यामुळे तिथे जुन्याचा एक तुकडा तसाच पडून आहे, दोन वडांच्या मधे, फर्लांगभर. कुठल्याही नकाशात त्याला नाव नाही. अप्पा काठी टेकत मधोमध चालले, एका जागी थांबले, बुटाने माती सारली. खाली डांबर शाबूत होतं. "हितं आमी दोघं जेवायचो," ते म्हणाले. या सहलीत पाहण्यासारखं काही असेल तर ते एवढंच, आणि तिथे टोल नाही.

घरी येऊन तीन दिवस झाले. केवायसी झालं, त्याला सहा मिनिटं लागली. टॅग अप्पांनी स्वतः लॅमिनेशनसकट टेपने काचेवर लावला, पट्टीने मधला बिंदू काढून. ते बघत असताना मला राहवेना. मी त्यांना सगळं सांगितलं: मेसेज, ब्लॅकलिस्ट, आणि मशीनबद्दल मी खोटं बोलले तेही.

अप्पांनी पट्टी खिशात ठेवली. "ठाव हाय मला. काच खाली व्हती. कानात यंत्र व्हतं. त्यो मानूस बोलला ते समदं ऐकलं मी."

"मग तेव्हाच का नाही बोललात? मी तुम्हाला एवढं बोलले होते."

"येष्टीत लिवलेलं असतंय ना, चालकाशी बोलू नये," ते म्हणाले. "मी बोललो असतो तर तू रडत बसली असतीस बाजूला गाडी लावून. मला दोन दहाच्या आत सोपानपाशी पोचायचं व्हतं."