परबकाका साच्याला हात लावत नाहीत

किस्से मी कधी जमवले नाहीत, ते साठत गेले. विणकामाच्या खोलीत मागाखाली तुटक्या धाग्यांचा गुंता साठतो तसे. तीस वर्षं टेक्सटाईल डिझाईन शिकवलं, विणींच्या गणितावर डॉक्टरेट केली. पण जुने विद्यार्थी शिवाजी पार्कला माझ्या घरी जमले की गणित एकालाही आठवत नाही. आठवते ती गिरणी संपाच्या वर्षातली शेवटच्या वर्षाची बॅच!

मला सगळं बरोबर आठवतंय याची खात्री नाही. म्हणून हे लिहून आधी सुमनला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खरं आहे, सर. फक्त तुम्ही याहून जास्त घाबरला होतात."

*

सुमन परब डिलाईल रोडच्या चाळीतली. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. ॲडमिशनला तेच सोबत आले होते.

"मास्तर, डिग्रीला नेमकं काय शिकवता?"

मी म्हटलं, "कापड विणण्यामागचा विचार."

परबकाका म्हणाले, "म्हणजे वीस वर्षं मी विचार न करताच विणतोय!"

मी सॉरी म्हटलं. बहुतेक तीनदा.

मग ते उठून माझ्या मागे आले आणि त्यांनी पाठीवरचा शर्ट दोन बोटांत धरला. "सेकंडचा माल. इथे दोन धागे तुटलेत."

"अहो, हा शर्ट घालून मी डॉक्टरेटची तोंडी परीक्षा दिली!"

"पाठ दाखवली नसेल. म्हणून पास झालात."

*

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने आपल्या डिझाईनचं कापड सादर करायचं, नाहीतर डिग्री नाही. एरवी ते एक गिरणी विणून द्यायची. संप झाला आणि गिरणीला टाळं लागलं. आमच्या तळघरात चार जुने हातमाग होते, त्यांच्यावर विद्यार्थ्यांनी स्वतः विणायचं ठरलं. प्रिन्सिपॉल म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच दाखवा विणून."

मागाच्या प्रत्येक भागावर मी एकेक तास बोलू शकतो. विणलं मात्र कधीच नव्हतं. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं!

बसलो. दोरीला झटका दिला. आडवा धागा घेऊन धावणारा धोटा मागातून सुटला, हवेतून गेला आणि दारात उभ्या प्रिन्सिपॉलांच्या पायाशी पडला.

फणसवाडीचा नंदू मागून म्हणाला, "सर, प्रॅक्टिकल बाहेर पडलं, थिअरी आतच राहिली!"

*

दुसऱ्या दिवशी सुमन वडिलांना घेऊन आली. सकाळभर गिरणीच्या गेटवर बसून दुपारी ते आले होते. सगळे माग त्यांनी फिरून पाहिले, हात पाठीमागे बांधून.

"शिकवतो. पण साच्याला हात लावणार नाही. संप आहे."

"काका, संप गिरणीत आहे. हा कॉलेजचा हातमाग आहे."

"साचा तो साचा. मी हात लावला तर उद्या गेटवर कुठल्या तोंडानं बसू?"

मी सुमनकडे पाहिलं. घरात दोन पगार यायचे, आई आणि वडील दोघंही गिरणीत. दोन्ही थांबले होते. यंदा डिग्री झाली तर झाली, पुढचं वर्ष घरच्यांना परवडणार नाही, हे तिनेच मला सांगितलं होतं. वडिलांनी दोन हात लावले असते तर तिचं कापड आठवड्यात झालं असतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त सांगा. हात माझे."

*

काकांचा आवाज! साच्यांच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेला माणूस. "पाय मार गो!" म्हणून तळघरात ओरडले की दुसऱ्या मजल्यावर लेक्चर थांबायचं. प्रिन्सिपॉलांनी चिठ्ठी पाठवली. काका म्हणाले, "मग गिरणीच्या खात्यात बोलतो तसं बोलतो." तिथे आवाज ऐकूच येत नाही, म्हणून सगळे नुसते ओठ हलवून बोलतात आणि एकमेकांचे ओठ वाचतात. पंधरा दिवसांत अख्खी बॅच ती बोली शिकली.

त्याच सुमारास माझ्या लेक्चरला कमालीची शांतता असायला लागली. मी घरी सांगितलं, "माझं शिकवणं सुधारलंय बहुतेक." बायको म्हणाली, "झोपत असतील."

झोपत नव्हते. एकदा फळ्यावर लिहिताना शेजारच्या कपाटाच्या काचेत पाहिलं, तर पंचवीस तोंडं हलत होती! नंदू तर शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावर वड्याची ऑर्डर देत होता.

मी काकांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "मास्तर, शिकली ना पोरं? मग?"

*

हेमांगी माहीमच्या कोळीवाड्यातली. तिचा उभा धागा तुटला की ती जाळ्याची गाठ मारायची. गाठ एवढी जाड की मागाच्या फणीतून जाईना, आणि फणीत अडकली की शेजारचे चार धागे तुटायचे.

"काका, आमच्याकडे याच गाठीवर घोळ मासा येतो. सुटायची नाय!"

काका मागे हात बांधूनच वाकले. "बाय माझे, हयसर घोळ पकडूचो नाय, कापाड विणूचा आसा!"

विणकराची बारीक गाठ त्यांनी तिला तोंडानं शिकवली. चार दिवस लागले. करून दाखवली असती तर चार सेकंद!

*

परीक्षेच्या दिवशी मी डॉक्टरेटवाला शर्ट घातला होता. असल्या बाबतीत मी धोका पत्करत नाही. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे, कडक. नोकरीची सुरुवात त्यांनी गिरणीतच केली होती, असं कळलं. शेवटचा वीतभर भाग प्रत्येकाने त्यांच्यासमोर विणायचा होता.

सुमन बसली. काका दारात उभे, हात मागे. माझ्याच्यानं बघवेना म्हणून मी त्यांच्या पाठीमागे उभा राहिलो. चार बोटं विणून झालं आणि तिचा धागा तुटला.

काका हलले नाहीत, ओठही हलवले नाहीत. पण मागे बांधलेल्या हातांची बोटं हवेतच गाठ मारत होती. ती फक्त मला दिसली. बोटं थांबली आणि त्याच क्षणी आतून माग पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.

परीक्षकांनी कापड उतरवून भिंगाखाली धरलं. बराच वेळ. मग विचारलं, "तुला कुणी शिकवलं?"

"बाबांनी."

"यातलं त्यांनी किती विणलं?"

"एक धागासुद्धा नाही. संप आहे."

परीक्षकांनी काकांना आत बोलावलं. "हे कापड आहे, साचा नाही. याला तर हात लावाल?"

काकांनी बेसिनवर हात धुतले, धोतराला पुसले आणि डोळे मिटून कापडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली. एकदा. पुन्हा उलटीकडून. मग बिनदोष मालाला गिरणीत जो शब्द आहे, तो म्हणाले. "फ्रेश."

परीक्षकांनी मार्क लिहिले आणि सही केली.

माझे डोळे भरून आले. कुणाला दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड आणि सगळ्यांकडे पाठ करून चष्मा पुसत राहिलो. मागे एकदम शांतता झाली. फार वेळ. वळून पाहिलं, तर परीक्षक आणि काका समोरासमोर उभे राहून नुसते ओठ हलवत होते, आणि अख्खी बॅच तोंडावर हात दाबून लालबुंद झाली होती!

मला घाम फुटला. सुमनला बाजूला घेऊन विचारलं, "काय म्हणतायत? मार्क बदलतायत का?"

"नाही सर, मी पास झाले," ती म्हणाली. "तुम्ही फक्त भिंतीला टेकून उभे राहा!"