चौथ्या चाकातली हवा
कारखान्यात ब्रेक ऑइलचा वास आला की तिरुवल्लिकेणी या तमिळ वस्तीतले माझे शेजारी, तंजावरकडचे मराठी आजोबा, आठवतात. मी ब्रेकचाच इंजिनिअर, म्हणून त्यांनी त्यांची जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार भरवशाने माझ्या हाती दिली. मी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले. मग ते पेडल दाबत होते, मी एकेका चाकाच्या ब्रेक पाइपातली हवा काढत होतो; ती राहिली की पेडल मऊ पडतं आणि ब्रेक नीट लागत नाही. उकाड्याने वैतागून मी चौथं चाक तसंच सोडलं. "पेडल मऊ लागतंय, तंबी," तमिळमध्ये धाकट्या भावाला म्हणावं तसं ते म्हणाले. "नवे ब्रेक असेच असतात," मी ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातून गाडी घराच्या फाटकावर आदळली. त्यांना लागलं नाही. पण "माझाच पाय उशिरा पडला, वय झालं," म्हणाले, आणि मी मान डोलावली. त्यांनी गाडी मलाच देऊन टाकली. अजून चालवतो मी ती. पेडल आता अगदी कडक लागतं.