पोटवाल्यांचा गुरुवार

माझ्या थोरल्या नणंदेइतकी हट्टी बाई अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत दुसरी झाली नाही. झाली असेल तर तिच्या भावजयीने तिला विहिरीत ढकललं असेल. मी ढकललं नाही, कारण माझा नवरा तिच्यामुळे जगला. विधवा होऊन ती मोर्शीहून तेल्हाऱ्याला आमच्याकडे राहायला आली आणि आल्या दिवसापासून घराची मालकीण झाली. दुधाला विरजण किती लावायचं इथपासून शेजाऱ्याने बैल कोणत्या अंगाला बांधावा इथपर्यंत तिचा हुकूम चाले. मला राग येई, पण भांडायला सवड लागते, आणि ती सवड तिने मला कधी दिली नाही.

साठ सालाच्या आसपास ह्यांचं पोट सुटलं. उजव्या बरगडीखाली जड लागू लागलं. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरने पोट चाचपलं आणि सांगितलं, लिव्हरमध्ये चरबी साचली आहे, अशीच साचत गेली तर पोटात पाणी भरेल आणि माणूस हाती लागणार नाही. वर म्हणाला, दारू सोडा. ह्यांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. ह्यांचा जीव तुपात आणि गुळात. पण ती बातमी आमच्या मोटारीच्या आधी तेल्हाऱ्यात पोचली, आणि लोक विचारू लागले, संध्याकाळी कुठे बसता? लाजेने ह्यांनी दवाखाना सोडला. म्हणाले, "मेलो तं मेलो, मी नाई जात." नणंद म्हणाली, "मरशीन, पन मले इचारून."

तिने ह्यांना पुन्हा मोटारीत घातलं. दवाखान्यात दर खेपेला नवा डॉक्टर असे. एकजण ग्लुकोज प्या म्हणे, दुसरा साखर बंद करा म्हणे, तिसरा पुन्हा दारूपासून सुरुवात करी. एका तरुण डॉक्टरने मात्र दारू घेत नाही हे ऐकून मान हलवली, तूपगूळ तोडायला, रोज चालायला आणि वजन पाहत राहायला सांगितलं. तो गुरुवारी बसतो एवढं तिने शिपायाकडून काढून घेतलं आणि आमच्या घरात गुरुवारखेरीज दुसरा वार उरला नाही. मग तिने गावातले सगळे पोटवाले गोळा केले. एक सोनार, मास्तरांची साखरेचा आजार असलेली बायको आणि रोज पिणारा एक हमाल. सगळ्यांना एकाच मोटारीने नेऊन एकाच बाकावर बसवी. डॉक्टर आधी वैतागला. पुढे तोच शिपायाला सांगू लागला की पोटवाले गुरुवारी एकत्र बसवा, सगळ्यांना एकदाच समजावतो. ह्यांना हमालाशेजारी बसायची लाज वाटे. ती म्हणे, "सरक तिकडं. तुमच्या दोघायच्या पोटात एकच रोग हाय." हमाल म्हणाला, "मामा, म्या तं पिऊन आनला. तुमी फुकट कसा आनला?" तेव्हा आजारपणात पहिल्यांदा हे हसले.

ती म्हणे, डॉक्टर गुरुवारी पाहते, बाकीचे दिवस कोन पाहीन? गावात माणूस तोलायचा काटा नव्हता. तिने ह्यांना जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर चढवलं. काटेवाला सगळ्यांसमोर मणाशेरात वजन पुकारी आणि म्हणे, "बाई, गठ्ठा ओला दिसते." हे चिडून घरापर्यंत पायी येत. तिला तेच हवं होतं.

खरी अडचण पंगतीची. आमच्याकडे रोडग्यांची, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पंगत शेतात होते, रांधणारे आणि वाढणारे पुरुषच, आणि पानावरचं तूप नाकारलं तर यजमानाचा अपमान होतो. म्हणून नाही म्हणायचं काम तिने ह्यांच्यावर ठेवलंच नाही. पहिल्याच पंगतीत यजमानाच्या हातातून तुपाची तपेली काढून घेतली आणि पुरुषांच्या ओळीत स्वतः वाढायला निघाली. सगळ्यांच्या रोडग्यांवर धार, ह्यांचं पान आलं की पाय पुढे. हे खाली मान घालून म्हणत, "ताई, थोडं तरी." ती ऐकू न आल्यासारखी जाई. लोकांनी नावं ठेवली, मग सवय झाली. पुढे पुढे पंगत बसली की यजमान आपणहून तपेली तिच्यापुढे करी.

तिसऱ्या वर्षी डॉक्टरने ह्यांचं पोट चाचपलं आणि सांगितलं, आता हाताला काही लागत नाही. परतताना मोटारीत ती सगळा रस्ता कंडक्टरशी भांडत होती. त्या बाकावर ती दर गुरुवारी बसली, पण स्वतःचा नंबर तिने कधी लावला नाही. तिच्या छातीत दुखतं हे आम्हाला कळलं तेव्हा मोटारीची वेळही उरली नव्हती.

तिच्या तेरवीला अंगणात पंगत बसली. तपेली चुलीजवळ तशीच होती, कोणी हात लावेना. मी उचलली. एकेक पान करत ह्यांच्यापाशी आले. हे खाली मान घालून बसले होते. वर न पाहता म्हणाले, "ताई, थोडं तरी."

मी पुढच्या पानाकडे गेले.