जिन्याची भीती

माझ्या वहीच्या एका पानावर माझ्याच अक्षरात लिहिले आहे : 'जिन्याची भीती. कारण ठाऊक असलेले भय. मिम्युलस.' अक्षर सुबक आहे. ते पान फाडावे असे मला अनेकदा वाटले, आणि प्रत्येक वेळी त्या वाटण्याचीच अधिक भीती वाटली.

वही पुष्पौषधींची आहे; मिम्युलस हे त्यांतलेच एक फूल. बावन्नाव्या वर्षी माझी नोकरी सुटली. जासईकडच्या एका कंटेनर यार्डात मालाची कागदपत्रे तपासण्यात माझा उमेदीचा सगळा काळ गेला होता. ते काम सुटल्यावर लक्षात आले, की मला दुसरे काहीच येत नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मी पनवेलच्या तळ्याकाठी जाऊन बसत असे. कुणी ओळखीचे दिसले, की घड्याळ पाहून घाईघाईने उठत असे. जणू कुठेतरी पोहोचायचे आहे.

त्या दिवसांत मी एका निवृत्त शिक्षिकांकडे जाऊ लागलो. त्या आपल्या गॅलरीत बसून, फुलांच्या अर्काचे थेंब टाकलेल्या साबुदाण्याएवढ्या साखरगोळ्या लोकांना देत. मनाच्या प्रत्येक अवस्थेसाठी वेगळे फूल, अशी ती पद्धत. आयुष्याची दिशा न सापडणाऱ्यांसाठी असलेले वाइल्ड ओट त्यांनी मला दिले. काही आठवड्यांनी मला दिशा सापडली, असे वाटले : हेच शिकायचे आणि हेच करायचे. ती त्या गोळ्यांमुळे सापडली, की त्या बाई तासभर माझे बोलणे मध्ये न तोडता ऐकत म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्यांच्याकडे एक छापील कागद असे. त्यावरचा पहिला प्रश्न, 'डॉक्टरांना दाखवले आहे का?' त्याचे उत्तर लिहून झाल्याशिवाय त्या बाटलीला हात लावत नसत. पुढे मात्र शरीराविषयी एक शब्दही नव्हता. माणूस कशाला भितो, केव्हा रडतो, कोणाशी अबोला धरतो, एवढेच विचारायचे. मी ते मन लावून शिकलो. वर्षभरात माझ्याकडेही माणसे येऊ लागली. ती मला 'सर' म्हणत. यार्डात मला कुणी सर म्हटले नव्हते.

माझी थोरली बहीण गव्हाणला राहते. आम्हा भावंडांत ती 'बाय' आणि मी तिचा 'बाला'. मेहुणे आता नाहीत. शेते सरकारी प्रकल्पात गेली, पैसे आले, जुन्या कौलारू घराच्या जागी तीन मजली घर उभे राहिले. खाली दुकानाचा गाळा भाड्याने दिला आणि बायची खोली दुसऱ्या मजल्यावर गेली. एका रविवारी बाजार आटोपून ती माझ्याकडे आली आणि पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ दाराशीच बसून राहिली.

"बाला, मना जिन्याचं भेव वाटतं रं," ती म्हणाली. "पायरी दिसली का छाती धडधडते."

"पडशील असं वाटतं का?"

"पडतंय कशाला? डोक्यावर भारा घेऊन बांधावरनं चाललेली बाई मी. नुसतंच भेव."

"आणि झोप?"

"आडवी झाले का परत भेव. मंग उशीला टेकून बसूनच झोपतंय. सून बोलते, आमी फुकटचा वॉचमन ठेवलाय."

आम्ही दोघेही हसलो. ते हसणे मी विसरू शकत नाही.

मी छापील कागद काढला नाही. घरच्या माणसाकडून फॉर्म कसला भरून घ्यायचा? वही मात्र उघडली आणि दीड पान लिहिले. आयुष्यभर मातीवर चाललेल्या बाईच्या पायांखालून माती निघून गेली. तिला उंचावर नेऊन ठेवले. म्हणून जिना म्हणजे तिच्यासाठी हरवलेल्या शेताचे भय, असा तो मजकूर होता. तो मला फार आवडला. मी तो दोनदा वाचला. मग बाटली भरून दिली : चार गोळ्या, दिवसातून चार वेळा.

पुढचे चार महिने मी मिश्रणे बदलत राहिलो आणि प्रत्येक भेटीची तारीख घालून नोंद करत राहिलो. 'आता पाच पायऱ्यांनंतर भय.' 'आता अंगणातही.' ती म्हणे, "बरं वाटतं रं. गोल्या गोड हायत तुझ्या." एकदा तिने सुनेच्या मोठ्या रबरी सपाता घातलेल्या दिसल्या. तिच्या स्वतःच्या चपलांचे पट्टे पावलांना रुतत होते. मी ते पाहिले. इथे मला स्वतःला कसलीही सूट द्यायची नाही : मी पाहिले, आणि विचारले नाही. आपण शरीराचे विचारत नाही, ही सबब मनात तयार होती. तिच्याखाली जे होते ते अधिक ओंगळ होते. बायला डॉक्टरची गरज आहे असे ठरले, तर मला सापडलेली दिशा खोटी ठरली असती, आणि मी पुन्हा तळ्याकाठी जाऊन बसलो असतो.

एका दुपारी तिच्या सुनेचा फोन आला. "मामा, आई जिन्यातच बसल्यात. ओठ काळे पडलेत, बोलता येत नाय. आमी गाडीत घालून पनवेलला आणतोय."

निघताना मी वही घेतली. का घेतली, ते मला कळत नाही. कदाचित त्या घटकेलाही मी तिच्या पानांत एखादे फूल शोधत असेन.

रुग्णालयातल्या डॉक्टर वयाने लहान होत्या. त्यांनी बायच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे खळगा पडला, आणि तो तसाच राहिला. मी पाहत होतो. खळगा भरून येईना.

"हे किती दिवसांपासून? दम लागणं, आडवं न झोपता येणं?"

सुनेने माझ्याकडे पाहिले. मी वही उघडली आणि एकेक तारीख वाचून दाखवली. डॉक्टरांनी वही माझ्या हातातून घेतली आणि पाने उलटली.

"इतकं व्यवस्थित लिहिलंय तुम्ही," त्या म्हणाल्या, "मग दाखवलं का नाही?"

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते.

हृदयाची एक झडप अरुंद झाली होती आणि फुप्फुसांत पाणी साचत होते. आधी पाणी उतरवायचे, मग शस्त्रक्रिया. या वयात धोका आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. ते दिवस मी कसे काढले, याचे वर्णन मला जमणार नाही. अन्न गिळताना भीती वाटे. लिफ्टचे दार उघडले की भीती वाटे. माझ्या पेटीत भीतीवरची तीन फुले होती आणि त्यांतल्या एकालाही हात लावण्याचे धैर्य मला झाले नाही.

शस्त्रक्रियेच्या सकाळी मी तिच्या खाटेशी बसलो. "बाय, चूक माझी आहे. मला दिसत होतं. मी तुला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं."

तिने माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली. "तू तलावावर जाऊन बसायचास ना, शर्ट घालून? गावातले बाजाराला येनारे लोक सांगायचे मना. मंग तू गोल्या द्यायला लागलास, चेहरा फुलला तुझा. मी कशी बोलू, का तुझ्या गोल्यांनी नाय होत बरं?"

मला वर पाहवेना. मी तिच्यावर उपचार करत होतो असे समजत होतो, आणि ती मुकाट्याने माझ्यावर करत होती.

"आज खरंच भेव वाटतं," ती म्हणाली. "आनल्यास का गोल्या?"

"नर्सना विचारून देतो."

"चार साखरेच्या दान्यांना परवानगी? लय शहाना झालास."

विचारले. नर्स म्हणाल्या, तोंडाने काहीही द्यायचे नाही. बाटली खिशातच राहिली. तिला आत नेईपर्यंत मी तिचा हात धरून बसलो. दोघांचेही हात गार होते आणि दोघेही घाबरलेले होतो. त्या भीतीला मी कोणतेही नाव दिले नाही.

ती वाचली. आता तिची खोली तळमजल्यावर आहे; दुकानाचा गाळा सुनेने रिकामा करून घेतला. माझ्याकडे माणसे अजून येतात, पूर्वीपेक्षा कमी. छापील कागद मी सगळ्यांकडून भरून घेतो, सख्ख्या नातलगांकडूनही. पहिल्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आले, की बाटली उघडत नाही. त्यांना घेऊन रिक्षात बसतो. काहींना तो अपमान वाटतो.

दर रविवारी मी गव्हाणला जातो. बाय मला पाहताच पाय पुढे करते. "आले आमचे डॉक्टर. दाब."

मी नडगीवर अंगठा दाबतो, मनात पाचपर्यंत मोजतो आणि उचलतो. मग श्वास रोखून त्या जागेकडे पाहत राहतो. आतापर्यंत ती दर वेळी लगेच सपाट झाली आहे. तरीही पुढच्या रविवारी अंगठा उचलण्यापूर्वी मी थांबतो, आणि बाय ओरडते, "उचल की रं बाला, पाय दुखतोय माझा."